पिवळ्यानंतर शून्य सेकंद: सांगलीतल्या एका चौकाचं प्रकरण

माझा भाचा उसाच्या ट्रॉलीला धडकला आणि उसामुळंच वाचला. ट्रॉलीच्या कडेनं हात-दीड हात बाहेर आलेली मोळ्यांची टोकं आधी त्याच्या हेल्मेटवर आणि खांद्यावर बसली, तो मागच्या मागं पडला. टोकं बाहेर नसती तर स्कूटरचं हँडल थेट ट्रॉलीच्या चाकात गेलं असतं. मनगटाचं हाड मोडलं, सहा आठवडे प्लास्टर, स्कूटरचा एक आरसा आणि पुढचं मडगार्ड. एवढ्यावर भागलं.

जानेवारीतली संध्याकाळ, साडेसात-पावणेआठची वेळ, गाळप हंगाम भरात. चौक कुठला ते लिहीत नाही. सांगलीकर ओळखतील, आणि नाही ओळखला तरी बिघडत नाही. चार रस्ते, चारही रस्त्यांना आळीपाळीनं स्वतंत्र हिरवा, खांबावर लाल आकड्यांचा टायमर, कोपऱ्यावर चहा-भडंगाचा गाडा. माझं ऑफिस त्या गाड्याच्या वरच्या मजल्यावर आहे. मी सिव्हिलवाला, पण इमारतींचा. रस्त्यांशी माझा संबंध म्हणजे खिडकीतून दिसतात तेवढाच. आवाज ऐकून खाली उतरलो तेव्हा पडलेलं पोर आपलंच आहे हे कळायलाही दोन क्षण गेले.

गर्दीनं निकाल दिलेला होता: ट्रॅक्टरवाल्यानं सिग्नल तोडला. एकानं त्याच्या डेकवरचं गाणं बंद केलं, दुसऱ्यानं चावी काढून घेतली. ड्रायव्हर विशीतला, बीडकडचा असावा. तो एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, "दादा, म्या निघालो तवा हिरवाच व्हता. आईची शपथ, हिरवाच व्हता."

भाचा प्लास्टर घालून घरी आला तेव्हा त्याचंही म्हणणं तेच, फक्त उलट्या बाजूनं. "मामा, मी हिरव्यालाच निघालो. टायमर एकवर आला होता."

एकवर आला होता म्हणजे अजून लालच होता, हे मी त्याला त्या दिवशी म्हटलं नाही. पण दोघंही खोटं बोलत नव्हते, आणि खटकलं ते तेच. दोघांपैकी एक खोटारडा निघाला असता तर हे प्रकरण लिहायची गरज नव्हती. पोलिसांत काही गेलं नाही. ट्रॅक्टरमालकानं दवाखान्याचा निम्मा खर्च दिला, आम्ही घेतला, विषय मिटला. माझ्या डोक्यातला मिटला नाही.

पाच संध्याकाळी आणि एक घड्याळ

पुढच्या आठवड्यात पाच संध्याकाळी मी खिडकीऐवजी गाड्याजवळच्या बाकावर बसलो, हातात मोबाइलचं स्टॉपवॉच घेऊन. गाडेवाले अण्णा पहिल्या दिवशी हसले, तिसऱ्या दिवशी स्वतःच सांगायला लागले, "आता बघा, हा निघणार." आणि तो निघायचा. टायमर तीनवर आला की पुढच्या रांगेतले क्लच सोडायला लागतात, दोनवर चाकं फिरतात, एकवर पहिले दोन-तीन जण चौकात असतात. तिथं उभ्या असलेल्या जवळपास प्रत्येकाचं असंच. भाचा त्यांच्यातलाच एक.

घड्याळात भरलं ते असं. प्रत्येक रस्त्याला २१ सेकंद हिरवा, ३ सेकंद पिवळा. एका पाळीचे २४, चार पाळ्यांचे ९६ सेकंद, की चक्र पूर्ण. आणि मुख्य गोष्ट, जी मी तीन वेळा तपासली: एका रस्त्याचा पिवळा विझून लाल लागतो त्याच क्षणी पुढच्याचा हिरवा लागतो. मधे काही नाही. एक सेकंदसुद्धा चौक रिकामा करायला ठेवलेला नाही.

मग रात्री साडेदहाला रहदारी ओसरल्यावर चौक पावलांनी मोजला. पांढरी पट्टी जवळजवळ पुसलेली. जिथं होती असं वाटतं तिथून समोरच्या बाजूपर्यंत साधारण २४ मीटर. ट्रॅक्टर आणि दोन ट्रॉल्या, मधल्या दांड्यांसह, सतरा मीटरच्या आसपास. भरलेला ट्रॅक्टर चौकात ताशी दहा किलोमीटरनं जातो, म्हणजे सेकंदाला पावणेतीन मीटर. पुढचं तोंड पट्टी ओलांडल्यापासून शेवटची मोळी चौकाबाहेर पडेपर्यंत त्याला ४१ मीटर जायचंय. त्याला लागतात पावणेपंधरा सेकंद. बाकावरून मी घड्याळ लावलेल्या ट्रॅक्टरांना तेरा ते सोळा सेकंद लागत होते, तेव्हा हिशोब फार चुकलेला नव्हता.

आता त्या संध्याकाळचं चित्र जुळायला लागलं. ट्रॅक्टरचं तोंड पट्टीच्या पुढं गेलं तेव्हा हिरवा होता. पिवळा लागायला अजून तीन-चार सेकंद होते. म्हणजे कायद्यानं, नियमानं, शपथेनं, सगळ्यानं तो बरोबर. पिवळ्याचे तीन सेकंद संपले तेव्हा त्याचं तोंड चौकाच्या जवळपास पलीकडच्या टोकाला, पहिली ट्रॉली मधोमध, आणि दुसरी ट्रॉली चौकात नुकती शिरत होती. भाच्याच्या उजवीकडं एसटी उभी. एसटीच्या आडून त्याला ट्रॅक्टर जाताना दिसला, पहिली ट्रॉली जाताना दिसली, आणि त्याला वाटलं संपलं. टायमर एकवर, समोर मोकळी जागा. ती मोकळी जागा म्हणजे दोन ट्रॉल्यांमधला दांडा होता. अंधारात दांडा दिसत नाही, आणि दुसऱ्या ट्रॉलीला ना दिवा ना रिफ्लेक्टर. एसटीचा ड्रायव्हर मात्र उंचावर बसलेला, त्याला सगळं दिसत होतं. म्हणून तो हलला नाही. एसटी का हलत नाही हा प्रश्न माझ्या भाच्याला पडायला हवा होता. पण एसटी सुटायला वेळ लावते हे आपण गृहीतच धरलेलं असतं.

तो एक सेकंद थांबला असता, अगदी हिरवा लागल्यावर निघाला असता, तरी दुसरी ट्रॉली त्याच्या वाटेवरच होती. ही गोष्ट मी कागदावर तीन वेळा मांडून बघितली. घाई त्याची चूक होती, अपघाताचं कारण नव्हे.

रेल्वेचा हात, चौकातला गॅस

एका इंजिनिअरिंग कॉलेजात वाहतूक शिकवणारा माझा जुना मित्र आहे. त्याला आकडे दाखवले. तो म्हणाला, "तू ज्याच्यावर बोट ठेवलंयस ना, सिग्नलचा सगळा इतिहास त्याचाच आहे. लाल आणि हिरवा पहिल्या दिवसापासून होते. मधलं काय करायचं ते शोधायला पन्नास-साठ वर्षं गेली."

लाल-हिरवा रस्त्यावर आला तो रेल्वेकडून. मिरजेच्या माणसाला हे सांगायला नको. जंक्शनच्या गावात "सिग्नल पडला" म्हणजे हात खाली झाला, गाडी येणार. रस्त्यावरच्या भाषेत मात्र सिग्नल लागतो, सुटतो आणि तुटतो. पडत नाही. पण पहिला रस्त्यावरचा सिग्नल खरोखर पडणारा-उठणारा हातच होता. जॉन पीक नाइट हा रेल्वेतला माणूस. डिसेंबर १८६८ मध्ये लंडनला पार्लमेंटच्या बाहेर त्याच्या कल्पनेचा खांब उभा राहिला, बनवला रेल्वेचे सिग्नल बनवणाऱ्या सॅक्सबी अँड फार्मर कंपनीनं. दिवसा हात: आडवा म्हणजे थांबा, तिरका झुकलेला म्हणजे सांभाळून जा. रात्री लाल आणि हिरवा गॅसचा दिवा. खांबाशी उभा पोलीस ते फिरवायचा. महिनाही धड झाला नाही. २ जानेवारी १८६९ ला गळलेल्या गॅसचा भडका उडाला, पोलीस भाजला, आणि ती कल्पना गुंडाळली गेली. मोटारी तेव्हा नव्हत्याच. घोडागाड्यांच्या गर्दीसाठी केलेला तो खटाटोप होता.

त्या खांबावरचा हिरवा म्हणजे आजचा हिरवा नव्हे, हे मला मित्रानं सांगेपर्यंत माहीत नव्हतं. त्याचा अर्थ होता जपून. जुन्या रेल्वेत रस्ता मोकळा असल्याची खूण पांढरा दिवा होती आणि हिरवा सावधगिरीचा. पांढऱ्याचा घोटाळा असा की लाल दिव्याची काच फुटली की तोही पांढरा दिसायचा, म्हणजे थांबा सांगणारा दिवा फुटला की बिनधास्त या सांगायचा. पुढं पांढरा गेला आणि हिरव्याला बढती मिळाली. सावधगिरीची जागा रिकामी झाली. ती पिवळ्यानं घेतली. रस्त्यावर मात्र तो पिवळा यायला बराच काळ लागला.

विजेचा लाल-हिरवा अमेरिकेत आला. १९१२ मध्ये सॉल्ट लेक सिटीतल्या लेस्टर वायर नावाच्या पोलिसानं एक केला होता. मग ५ ऑगस्ट १९१४ ला क्लीव्हलंड शहरात, युक्लिड अव्हेन्यू आणि पूर्वेकडची १०५ वी गल्ली मिळते तिथं, जेम्स होग याच्या आराखड्यावरचा सिग्नल लागला. दोनच रंग. पण होगला हे कळलं होतं की रंग एकदम बदलला तर चौकात असलेल्यांचं काय. म्हणून बदलायच्या आधी त्यात बझर वाजायचा. पिवळ्याचा पहिला अवतार आवाजाचा होता असं म्हणायला हरकत नाही. आगीचा बंब आला तर सगळं आपल्या हातात घ्यायची सोयही त्यात होती.

बझर गजबजाटात किती ऐकू येणार? १९२० मध्ये डेट्रॉइटचा पोलीस विल्यम पॉट्स यानं रेल्वेसारखा तिसरा रंग घेऊन चारही दिशांना दिसणारा तीन रंगांचा दिवा बसवला. तिघांत मधला, तो पिवळा.

आणि मग गॅरेट मॉर्गन, पुन्हा क्लीव्हलंडचाच. हा कृष्णवर्णीय संशोधक, धुरात श्वास घेता यावा म्हणून मुखवटा बनवणारा. २० नोव्हेंबर १९२३ ला त्याला सिग्नलचं पेटंट मिळालं. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या मजकुरात त्यानं तीन रंगांचा दिवा शोधला असं असतं. ते खरं नाही. त्याचं यंत्र इंग्रजी टी अक्षरासारखं, हातानं फिरवायचं, आणि रंगांचे तीन दिवे त्यात नव्हतेच. पण त्यात एक वेगळी अवस्था होती: चारही दिशांना एकाच वेळी थांबा. चौकात जे आहेत त्यांनी बाहेर पडावं, पायी चालणाऱ्यांनी ओलांडावं, तोवर नवीन कुणी शिरू नये. आजचे इंजिनिअर त्याला ऑल-रेड म्हणतात.

माझ्या खिडकीखालच्या चौकात पॉट्सचा पिवळा आहे. मॉर्गनचा थांबा नाही.

एक गंमत सांगून पुढं जातो, कारण ती ऐकून अण्णा पोट धरून हसले होते. १९२८ मध्ये बाल्टिमोरला चार्ल्स अ‍ॅडलर यानं हॉर्न वाजवला की सुटणारा सिग्नल केला होता. बाजूच्या रस्त्यावर गाडी उभी करून हॉर्न द्यायचा, खांबावरचा मायक्रोफोन ऐकणार, दिवा बदलणार. अण्णा म्हणाले, "मग सांगलीत तो अजून चालू हाय की! फकस्त खांबाला कुणी सांगितलं न्हाई." टायमरवर चाळीस सेकंद असताना हॉर्न दाबून धरणारी माणसं रोज बघितल्यावर याला उत्तर नाही. वाहन ओळखून वेळ देणाऱ्या सिग्नलची ती सुरुवात मात्र खरीच. पुढं रस्त्यात पुरलेली तारेची वेटोळी आली, आता कॅमेरे आलेत.

तीन सेकंद कुणासाठी

पिवळा तीनच सेकंद का, यालाही उत्तर आहे. १९६० मध्ये गॅझिस, हर्मन आणि मॅराड्यूडिन या तिघांनी ते गणितात बसवलं. पिवळा दिसला त्या क्षणी गाडी पट्टीपासून इतकी जवळ असू शकते की ब्रेक मारून थांबणं शक्य नाही, आणि इतकी लांब की लाल लागायच्या आत पट्टी गाठणंही शक्य नाही. तो पट्टा रस्त्यावर असेल तर त्यात सापडलेला माणूस काहीही केलं तरी चूकच ठरतो. पिवळा एवढा हवा की असा पट्टा उरूच नये.

आपल्या मोटारसायकलवर लावून बघू. ताशी चाळीस म्हणजे सेकंदाला अकरा मीटर. पिवळा दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद, अकरा मीटर गेले. मग बऱ्यापैकी ब्रेक मारला तर आणखी वीस-एकवीस मीटर. थांबायला सगळे मिळून ३२ मीटर. जो ३२ मीटरच्या आत आहे त्याला थांबता येत नाही, त्याला जाऊ द्यायला हवं. तीन सेकंदांत तो ३३ मीटर जातो. बसलं. तीन सेकंद हा आकडा कुणी उगीच टाकलेला नाही. मोटारसायकल आणि कार यांच्यासाठी तो नेमका आहे.

पण हे फक्त पट्टीपर्यंत पोहोचायचं झालं. पट्टी ओलांडल्यावर पलीकडं जायला त्याच मोटारसायकलला आणखी सव्वादोन सेकंद लागतात, आणि ते देण्याचं काम पिवळ्याचं नसून ऑल-रेडचं. आपल्या चौकात ते शून्य. ट्रॅक्टरचं तर विचारूच नका. त्याचे पावणेपंधरा सेकंद, त्यातले तीन पिवळ्याचे. उरलेले पावणेबारा तो पुढच्या रस्त्याच्या हिरव्यात असतो. तोही दिव्यांच्या दृष्टीनं बरोबर आणि समोरचा निघालेलाही बरोबर.

मी मित्राला म्हटलं, मग द्या की बारा सेकंद ऑल-रेड. तो म्हणाला, "बस, दाखवतो काय होतं ते."

१९५८ मध्ये ब्रिटनच्या रोड रिसर्च लॅबोरेटरीतल्या एफ. व्ही. वेबस्टर यानं सिग्नलचं चक्र किती सेकंदांचं ठेवलं तर गाड्या कमीत कमी खोळंबतील याचं सूत्र दिलं. आपल्याकडच्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८५ च्या मार्गदर्शक पुस्तिकेतही, आयआरसी ९३ मध्ये, तीच वाट धरलेली आहे. सूत्र तोंडी सांगता येतं. एका चक्रात वाया जाणारे सगळे सेकंद घ्या, त्यांची दीडपट करा, पाच मिळवा. मग प्रत्येक रस्त्याची येणारी रहदारी त्याच्या कुवतीच्या किती हिस्सा आहे ते काढा, चारही हिस्से मिळवा, ती बेरीज एकातून वजा करा, आणि आधीच्या आकड्याला तिनं भागा. रहदारी मोजताना कार एक धरायची, मोटारसायकल तिच्याहून कमी, ट्रॅक्टर-ट्रॉली तिच्या कितीतरी पट.

मित्रानं एका संध्याकाळी मोजून आपल्या चौकाची बेरीज सुमारे ०.७ काढली. वाया जाणारे सेकंद एका पाळीला चार: सुरुवातीला हलायला लागणारे आणि पिवळ्यातले शेवटचे. चार पाळ्यांचे सोळा. दीडपट चोवीस, अधिक पाच, एकोणतीस. भागिले ०.३. साडेशहाण्णव सेकंद.

माझ्या घड्याळात ९६ भरले होते.

मी थोडा वेळ गप्प झालो. तोवर मी मनात ज्या कुणाला शिव्या घालत होतो त्यानं हिशोब केलेला होता. व्यवस्थित, पुस्तकाबरहुकूम. फक्त ज्या वाहनांचा वेग आणि लांबी धरून केला होता त्यांत उसाच्या दोन ट्रॉल्या नव्हत्या, आणि ऑल-रेडचा रकाना बहुधा मोकळा राहिला होता.

आता बारा सेकंद घालून बघा. वाया जाणारे सोळाचे चौसष्ट होतात. दीडपट शहाण्णव, अधिक पाच, भागिले ०.३. तीनशे सदतीस सेकंद. साडेपाच मिनिटांचं चक्र. मित्र म्हणाला, "साडेपाच मिनिटं सांगलीत कोण थांबेल? तू थांबशील?" नाही थांबणार. लाल जितका लांबतो तितका तो तोडणारे वाढतात, हे मी पाच दिवस बघत होतो. बारा सेकंदांची सुरक्षितता चौथ्या दिवशी कुणी पाळणार नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर लाल तोडणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली धोकादायक वाहन चालवण्यात धरतात, दंडही पहिल्या वेळी हजारापासून पाच हजारापर्यंत. पण दंडापायी साडेपाच मिनिटं थांबायला लावेल एवढी भीती मी कुणाच्या चेहऱ्यावर बघितलेली नाही.

दोन सेकंद घातले तर? वाया जाणारे चोवीस, चक्र १३७ सेकंदांचं निघतं. तेही आजच्यापेक्षा चाळीसनं जास्त. म्हणजे प्रत्येक सेकंदाची किंमत आहे आणि ती रांगेत उभं राहणारा भरतो. तरी दोन सेकंद हवेतच, असं आमच्या दोघांचं ठरलं. हिरवा न वाढवता नुसते दोन-दोन सेकंद मधे घातले तर चक्र १०४ चं होतं. गर्दीच्या वेळी रांग थोडी मागं सरकेल, पण मोटारसायकली आणि रिक्षा तरी चौकातून सुटतील.

ट्रॅक्टरचा प्रश्न दोन सेकंदांनी सुटत नाही. तो कुठल्याच ठरावीक आकड्यानं सुटत नाही, हे मला इथवर येऊन कळलं. दिवसातून काही वेळा, वर्षातले चार-पाच महिने येणारा सतरा मीटरचा पाहुणा. त्याच्यासाठी रोज सगळ्यांना थांबवता येत नाही आणि तो आला की न थांबवून चालत नाही. त्याला बघून थांबवणारं कुणीतरी हवं. कॅमेऱ्यानं ओळखून हिरवा रोखून धरणारी यंत्रं आहेत. खर्च ऐकून मित्रानंच तो कागद बाजूला ठेवला.

अर्ज, चावी आणि वळीव

अर्ज दोन पानी झाला. घड्याळाचे आकडे, पावलांचं माप, एक हातानं काढलेला नकाशा. मागणी चार: दोन सेकंद ऑल-रेड, पांढरी पट्टी नव्यानं आणि चार मीटर मागं, टायमरचे शेवटचे पाच आकडे बंद, आणि हंगाम संपेपर्यंत संध्याकाळी सहा ते नऊ चौकात माणूस. ट्रॉल्यांच्या रिफ्लेक्टरसाठी वेगळं पत्र कारखान्याकडं. ज्या कार्यालयात अर्ज द्यायला गेलो तिथल्यांनी दुसऱ्या कार्यालयाचं नाव सांगितलं, दुसऱ्यांनी पहिल्याचं. खांब एकाचा, वीज दुसऱ्याची, दुरुस्ती तिसऱ्या ठेकेदाराची, आणि खाली उभा राहणारा हवालदार चौथ्याचा. शेवटी दोन्हीकडं पोच घेतली.

सगळ्यात आधी हलला तो हवालदार. त्याला कुणाची परवानगी लागली नाही. कोपऱ्यावरच्या करड्या पेटीत एक बटण असतं, ते दाबलं की दिवे आपोआप बदलणं थांबतं आणि दाबेल तेव्हाच पुढं सरकतात. त्याची चावी त्याच्याकडं होतीच. मी कागद दाखवायला गेलो तर म्हणाला, "कागद राहू द्या साहेब. दुसरी ट्रॉली जाईपर्यंत पुढचा सोडायचा न्हाई, एवढंच ना?" एवढंच होतं. त्या संध्याकाळी त्यानं तसं केलं. ट्रॅक्टर दिसला की पेटीशी जायचा, शेवटची मोळी बाहेर पडली की बटण. क्लीव्हलंडचा १९१४ चा सिग्नलही रस्त्याच्या कडेच्या खोपटात बसून एक पोलीसच चालवत होता, हे त्याला सांगितलं तर त्याला फार काही वाटलं नाही. "त्याला खोपटं तरी हुतं," एवढंच म्हणाला.

मार्चच्या सुरुवातीला एक दिवस पेटी उघडी दिसली. एक मुलगा लॅपटॉप मांडीवर घेऊन फुटपाथवर बसलेला. मी खाली जाऊन शेजारी उभा राहिलो. पडद्यावर रकाने होते, त्यांतला एक मोकळा नव्हता, त्यात शून्य लिहिलेलं होतं; त्यानं ते खोडून दोन केलं. चार वेळा. दहा मिनिटंही लागली नाहीत. टायमरचे शेवटचे आकडे बंद करता येत नाहीत म्हणाला, पण ऑल-रेड घातल्यामुळं आता आकडा संपल्यावर निघणाऱ्यालाही चौक रिकामा सापडतो. एकवर निघणाऱ्याला एक सेकंद मिळतो. तेवढा पुरतो का, हे माणसावर आणि एसटीवर अवलंबून. पट्टी रंगवली नाही. कारखान्याच्या पत्राला उत्तर आलं नाही, पण काही ट्रॉल्यांच्या मागं लाल चकत्या दिसायला लागल्या. त्या पत्रानं लागल्या की एरवीच, सांगता येत नाही.

पुन्हा बाकावर बसून बघितलं. पिवळा विझला, लाल लागला, आणि चारही खांबांवर लाल. एक, दोन. त्या दोन सेकंदांत चौकात इतकी शांतता होते की नवख्याला दिवे बिघडलेत असं वाटावं. पहिल्या आठवड्यात काही जणांना वाटलंच. ते मधेच घुसले, मग सवय झाली. अण्णा म्हणाले, "आता ते दोनच्या जागी एकवर निघत्यात." हेही खरं असावं. मी मोजलं नाही.

मार्च संपता संपता उसाचे ट्रॅक्टर थांबले आणि हवालदाराची संध्याकाळची पेटीवारी थांबली. एप्रिलच्या शेवटी वळवाचा जोराचा पाऊस झाला, दोन तास वीज गेली. आली तेव्हा दिवे लागले, मी खिडकीतून सहज खाली बघत होतो. पिवळा विझला आणि समोरचा हिरवा लागला. मधे काही नव्हतं.

घड्याळ काढून खात्री केली. पुन्हा ९६. पेटीतली आठवण ठेवणारी बॅटरी केव्हाच संपलेली असणार. वीज गेली की यंत्र बसवलं तेव्हा त्यात जे भरलं होतं तिथं परत जातं. दुसऱ्या दिवशी अर्ज पुन्हा लिहिला. आकडे तेच, नकाशा तोच. फक्त शेवटी एक ओळ जास्त घातली: नियंत्रण पेटीतली बॅटरी बदलावी.